अकरा सेंटिमीटर

आमच्या विभागात मुलगे वयात कसे येतात याचा अभ्यास चालतो. दर सहा महिन्यांनी तीच मुलं येतात. उंची, वजन, आवाज फुटला का, मिसरूड आलं का. बाकीची तपासणी डॉक्टर पडद्यामागे करतात. उंची माझ्याकडे. एकोणीस वर्षं मी पोरांच्या टाचा फळीला टेकवतोय. एकाने मापायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, असा नियम आहे.

माझा मुलगाही त्या यादीत होता. अकराव्या वर्षी त्याला मापलं आणि माझं तोंड उतरलं. लिहून घेणारी बाई चहाला गेली होती. मीच मापलं, मीच लिहिलं, दोन सेंटिमीटर वाढवून. दुसऱ्यांच्या बापांना मी रोज सांगायचो, 'लाजताय काय, पोराला वेळेत डॉक्टरांना दाखवा.' आणि माझाच पोरगा उंचीच्या तक्त्यातल्या सगळ्यात खालच्या रेषेखाली. मला लाज वाटली. याहून बरं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

एकदा वाढवल्यावर पुढच्या खेपेला कमी कसं दाखवणार? मग मी दर वेळी लिहिणाऱ्या बाईंच्या चहाची वेळ साधू लागलो, आणि फरक थोडा थोडा वाढत गेला. जुने डॉक्टर कागद बघून मान डोलवायचे. घरी बायको म्हणायची, "याची पँट आखूडच होत नाही." मी म्हणायचो, "बरंय की, खर्च वाचतो."

तो सोळाचा झाला, तेव्हा नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मनगटाचा एक्स-रे काढला आणि स्वतः उंची मापली. माझ्या आकड्यापेक्षा ती अकरा सेंटिमीटर कमी भरली.

"हे कोणी मापलं होतं?" त्यांनी विचारलं.

मुलगा पटकन म्हणाला, "मॅडम, मी टाचा उचलायचो. बाबांना कळायचं नाही."

म्हणजे मी आकडा वाढवतो हे त्याला ठाऊक होतं. पाच वर्षं तो माझी अब्रू सांभाळत होता, आणि मी समजत होतो की मी त्याची सांभाळतोय.

"टाचा उचलून अकरा सेंटिमीटर वाढत नाहीत," डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या.

"मी खोटं लिहिलं," मी म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एक्स-रे दिव्यावर लावून त्या हळू म्हणाल्या, "हाडांची टोकं जुळलीत. आता उंची वाढायची नाही. बाराव्या वर्षी खरी उंची कळली असती, तर इंजेक्शनं देता आली असती."

मुलगा अजून माझ्या बाजूने उभा होता, खांद्याला खांदा लावायला धडपडत. तो थांबला.

"म्हणजे औषध होतं?" त्याने बाईंना विचारलं. मग माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," मी म्हणालो.

तो माझ्यापासून एक पाऊल लांब झाला आणि बाईंच्या टेबलाजवळ जाऊन उभा राहिला.