भुलाबाईच्या खाऊचा डबा

ही गोष्ट २०२४ सालच्या कोजागिरीची. मी एक जुना पितळी डबा आहे, अंजनगाव सुर्जीच्या पार्वताबाईंच्या घरचा. भुलाबाईची गाणी संपली की माझ्यात झाकलेला खाऊ वाजवून दाखवतात आणि पोरी आवाजावरून तो ओळखतात. ओळखेपर्यंत झाकण निघत नाही.

मित्रांनो, या घरची माणसं पोटासाठी लांब लांब जाताना मी पाहिली. पार्वताबाईंचे यजमान नत्थुजी अकोल्याच्या गिरणीत होते. बाहेरचा स्वस्त कपडा आला, गिरणी बंद पडली. मुलगा गजेंद्र मस्कतला ड्रायव्हर झाला. पुढे ती कामं तिथल्याच लोकांना मिळू लागली, तसा तो परतला. मग जर्मनीत म्हाताऱ्यांची सेवा करायला माणसं कमी पडू लागली आणि सून रागिणी नर्स म्हणून गेली. आधी गडी जायचे, बाया वाट पाहायच्या. आता गजेंद्र लेकीच्या वेण्या घालायला शिकला. पहिल्या वेण्या पाहून पार्वताबाई म्हणाल्या, म्हशीची शेपटी याहून बरी.

त्या संध्याकाळी रागिणी फोनवर होती. सात वर्षांच्या चंदाचा व्हिसा आला होता, पण चंदा आईकडे जायला तयार नव्हती. आज तिचं उत्तर हवं होतं. आधी खाऊ ओळख, चंदा म्हणाली.

पार्वताबाईंनी मला फोनसमोर हलवलं.

“वाजवा ना, आई,” रागिणी म्हणाली.

“वाजवूनच राहिली ना बाई मी. हात दुखून आला.”

फोन माणसाचा आवाज तेवढा पोचवतो, बाकीचा गाळून टाकतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रागिणीने ठोकून दिलं, “फुटाणे.”

गल्लीतल्या पोरी हसल्या. चंदा हसली नाही. मम्मीले आपलं काईच ऐकू येत नाही, मी नाही जात, असं म्हणून ती उठली.

गजेंद्रने फोन घेतला. मस्कतला असताना तोही असाच न ऐकता हो हो म्हणायचा. खरं ते सांग तिले, एवढंच तो बोलला.

रागिणी म्हणाली, “चंदा, मले काहीच नाही ऐकू आलं. दोन वर्षांपासून मी नुसता अंदाज बांधून राहिली. कसं वाजते, तूच सांग.”

चंदा परत आली. तिने मला कानाशी धरून हलवलं. “सरसर वाजते. अन् मधातच टक्क होते.”

“मुरमुरे. अन् खोबऱ्याचा तुकडा.”

झाकण निघालं. चंदाने मूठभर मुरमुरे फोनपुढे धरले आणि तिकडे थंडी किती असते, ते विचारलं.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. आता ती आजीला फोनवर ट्राम कशी वाजते, बर्फावर बूट कसा वाजतो, ते सांगते. गजेंद्र मागाहून गेला, तिथे गोदामात काम करतो. रागिणी परक्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. पार्वताबाईंकडे शेजारची भावना दोन वेळा डोकावून जाते. माझ्यात बीपीच्या गोळ्या आहेत.

मित्रांनो, तुमचंही कुणी लांब असेल. त्याला ऐकू आलं नाही तर रुसू नका, आणि आलं नसताना आलं म्हणू नका. काय वाजलं, ते बसून सांगा.