मावशी गेल्यात

बसस्थानकावरच्या बायकांच्या प्रतीक्षालयाची झाडलोट माझ्याकडे होती. चौकीतली पोलीसबाई अधूनमधून तिथे येऊन टेकायची. कोणाबरोबरची मुलगी बावरलेली दिसली तर मला हाक मारा, म्हणायची.

त्या दुपारी एक बाई आणि बारा-तेरा वर्षांची मुलगी येऊन बसली. मुलीच्या अंगात ताप होता. बाई तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत होती. आमचं लेकरू प्रवासाचं नाव काढलं की आजारी पडतं, असं मला हसून म्हणाली. मला तिच्यात वावगं काही दिसलं नाही.

बाई तिकिटाला गेली. मी मुलीला विचारलं, कोण गं तुझी ही? सख्खी मावशी, ती म्हणाली. मग दाराकडे बघून म्हणाली, "मावशी तिकीट काढायला गेल्यात."

माझा झाडू थांबला. आईच्या सख्ख्या बहिणीला कोणी अहो-जाहो करतं का? पण असेलही एखाद्या घरात तशी रीत. उगाच कुणा भल्या बाईमागे लचांड कशाला लावा? तेवढ्यात बस लागली, आणि मी पोलीसबाईला बोलावून आणलं.

बाई डगमगली नाही. आमच्यात थोरांना मान देतात, म्हणाली, आणि मुलीच्या आईचा नंबर तिनेच दिला. पोलीसबाईने फोन लावून आवाज मोठा केला. आईने सांगितलं, हो, माझी धाकटी बहीणच ती, मीच पाठवलंय पोरीला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई पिशवी उचलू लागली.

पोलीसबाईने फोन तिच्यापुढे धरला. "बोला की बहिणीशी."

तिने तोंड उघडायच्या आत आईच घाईने म्हणाली, "ताई, तुम्ही निघा तिला घेऊन. उशीर नका करू."

धाकट्या बहिणीला ताई. आणि तुम्ही.

पोलीसबाईने फोन बाकावर टाकून बाईचं मनगट धरलं आणि तिला बाहेर नेलं. फोन बाकावरच राहिला. त्यातून आई हॅलो, हॅलो करत होती. मग गोड आवाजात हाका मारू लागली, छकुले, अगं छकुले.

मुलगी रडली नाही. फोनकडे बघत तिने ओ दिली, पण इतकी हळू, की पलीकडे ऐकू जाऊ नये.