निम्म्या कर्जाची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, दुकानावरची. तुमच्यापैकी कोणी मला धुळ्याच्या बाजारात पाहिले असेल, तर त्याने ओळख न दाखवलेलीच बरी. माझ्यामुळे जे घडले ते सांगताना आजही मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

मूळची मी शिरपूरकडच्या सागाची फळी. झुलाल पेंटरने मला घासून गुळगुळीत केले, पिवळा रंग दिला आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिले, 'कर्ज निम्मे करून मिळेल.' खाली बारीक काळ्या अक्षरांत लिहिले, 'फी आगाऊ.' लाल अक्षरे इतकी वळणदार होती, की येणारा-जाणारा मान वर करून बघे. काळ्या अक्षरांसाठी कोण थांबतो? मी मात्र रंग वाळायच्या आतच फुगून गेले. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरे काय!

सन अडतीसच्या उन्हाळ्यात तोतारामभाऊंनी मला आपल्या कचेरीवर टांगले. ते पूर्वी एका वकिलाकडे कारकून होते. ते लबाड होते असे मी म्हणणार नाही. दोघातिघांचे कर्ज त्यांनी खरोखर कमी करून दिले होते. त्यांची रीत सरळ होती. ते सांगत, "महिन्याला पाच रुपये माझ्याकडे ठेवा. ज्याचं देणं आहे त्याला दमडी देऊ नका, त्याच्याशी बोलूही नका. रक्कम साठली, की मी त्याला निम्म्यावर आणतो." हे ऐकून बाहेर पडणारा माणूस आत शिरलेल्या माणसापेक्षा ताठ चालायचा. मला वाटे, ही माझीच करामत!

आमच्या गल्लीच्या टोकाला इसाक शिंपी ओट्यावर बसून कपडे शिवत असे. त्याचे पायाने चालवायचे शिवणयंत्र समोरच्या रुपचंदशेठच्या दुकानातून हप्त्याने घेतलेले होते. त्याची बायको रहिमाबी विषमज्वराने अंथरुणाला खिळली आणि चार महिने हप्ते चुकले. व्याजासकट नव्वद रुपये अंगावर राहिले. यंत्र गेले तर चूल पेटणार नाही, हे इसाकला कळत होते. म्हणूनच तो माझ्याखालून कचेरीत गेला, कागदावर सही केली आणि पाच रुपये मोजून दिले.

त्या दिवसापासून इसाक रुपचंदशेठना चुकवू लागला. सकाळी यंत्राचे कुलूप काढताना दोघांची नजरानजर व्हायची, रामराम व्हायचा, तो बंद झाला. शेठ दुकानातून बघत राहायचे आणि इसाक मान खाली घालून टाके मोजायचा.

मग दिवाळीचा पाडवा आला. आमच्या गल्लीत एक चाल होती. पाडव्याला देणेकऱ्याने दुकानात जायचे, गादीवर निदान एक रुपया ठेवायचा आणि शेठच्या हातचा बत्तासा खायचा. एवढे केले, की वर्षभर कोर्टाचे नाव निघत नसे. त्या सकाळी इसाक धुतलेला सदरा घालून आला. त्याच्या मुठीत रुपया होता. तो गल्लीच्या मधोमध पोचला आणि तोतारामभाऊ कचेरीच्या दारात आले.

"इसाकमिया, कुठे निघालात? रुपया ठेवला म्हणजे कर्ज कबूल केलं. माझी सगळी बोलणी फुकट जातील."

"भाऊ, आज पाडवा शे," इसाक कळवळून म्हणाला. "शेठ मनी वाट देखी राहिनात."

"तुम्ही पाटी वाचूनच आलात ना माझ्याकडे?"

इसाकने मान वर केली. त्याने मला पुन्हा एकदा, अडखळत, मोठ्याने वाचले. फक्त लाल अक्षरे. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या अंगावर ऊन पडले होते आणि मी चकाकत होते. तो मागे फिरला. समोर रुपचंदशेठ हातात बत्ताशाची ताटली घेऊन उभे होते. ते मी पाहिले, त्याने नाही.

शेठनी महिन्याच्या आत फिर्याद लावली. तोतारामभाऊंनी पत्रे लिहिली, पण शेठनी ती उघडलीही नाहीत. आठ महिन्यांत इसाकने चाळीस रुपये भरले होते. त्यातले तीस फीमध्ये गेले आणि कर्जाच्या नावावर दहाच उरले. तोतारामभाऊंनी सहीचा कागद पुढे केला. त्यांचे म्हणणे कागदाप्रमाणे बरोबरच होते.

कोर्टाचे बेलिफ यंत्र उचलायला आले, तेव्हा इसाक सही केल्यानंतर पहिल्यांदा शेठच्या पायरीवर गेला. शेठचा आवाज रागापेक्षा दुःखाने जड झाला होता.

"इसाक, तू पाडवाले उना असता, तं बठ्ठं व्याज मी सोडी देतू. हप्ताबी निम्मा करतू. तू तं पाठ फिरवी. आते कोर्टनं काम शे, मना हातमा काय राहिनं?"

म्हणजे पाडव्याला तो आला असता, तर शेठ सगळे व्याज सोडणार होते आणि हप्ताही निम्मा करणार होते! इसाक रिकाम्या ओट्यावर जाऊन बसला. त्याचा उजवा पाय सवयीने खालीवर हलत होता. तो पाय मी डोळ्यांआड करू शकले नाही, कारण पाटीला डोळे मिटता येत नाहीत.

तेव्हा बाळांनो, मोठे व्हाल, कधी कोणाचे देणे होईल. त्यात लाज नाही. पण ज्याचे देणे आहे त्याला तोंड चुकवू नका. आधी त्याच्याच पायरीवर जा. आणि कोणी निम्म्याचे आश्वासन दिले, तर त्याला विचारा, बाबा, तू किती घेणार, आणि समोरचा कबूल झाला नाही तर माझे काय होणार? मी हे त्या सकाळी ओरडून सांगायला हवे होते. मला बोलता येत नव्हते, ही सबब माझी मलाच पटत नाही.

चार वर्षांनी तोतारामभाऊंनी कचेरी बंद केली आणि सामान विकून जळगाव गाठले. मला तीन आण्यांना एका बाईने घेतले. ती रहिमाबी होती. हाताने गोधड्या शिवणाऱ्या नवऱ्याला कापड बेतायला फळी हवी होती. ती बिचारी निरक्षर. तिने मला हौसेने घरी नेले आणि इसाकपुढे ठेवले.

"क्या लिखेला है जी इसपे?"

इसाकने लाल अक्षरे लगेच ओळखली. ती तापातून उठली तेव्हापासून 'मेरी बीमारी ने मशीन खाई' असे म्हणत असे. तिला आणखी किती दुःख द्यायचे?

"कुछ नहीं," तो म्हणाला, "पुरानी दुकान का नाम है." आणि त्याने मला पालथे केले.

तेव्हापासून माझ्या पाठीवर कापड बेतले जाते. रोज सकाळी रहिमाबी मला उचलते, उलटवते आणि ती लाल अक्षरे ओल्या फडक्याने हळुवार पुसते, धूळ बसू देत नाही. मला ती बरकतीची फळी म्हणते. मित्रांनो, तिने मला चुलीत घातले असते तर मी सुटले असते.