दुसरं पान

न वाचता सही करणाऱ्या नर्सला माई सगळ्या वॉर्डासमोर झाडायची. "माझ्या सहीवर जाऊ नकोस. मी अर्धवट झोपेत असेन, सकाळी नवऱ्याशी भांडून आले असेन, तुला काय ठाऊक? बाटली हातात घे आणि वाच!"

नियमच तसा होता. डबल लॉकच्या कपाटातून जहाल औषध काढलं की एकीने ते सिरिंजमध्ये भरायचं. दुसरीने बाटलीवरचं नाव, ताकद, तारीख वाचायची, पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायची आणि मगच रजिस्टरमध्ये दुसरी सही करायची. पोरी मान डोलवायच्या आणि औषध माईने भरलेलं दिसलं की न बघता सही ठोकून मोकळ्या व्हायच्या. माई कशी चुकेल? पेशंट तिला सिस्टर म्हणत, डॉक्टर इन्चार्ज म्हणत, पण वॉर्डातल्या सतरा जणींची ती माईच होती. त्यांची आजारपणं, भांडणं, फिसकटलेली लग्नं, सगळं तिच्याच पदरात येऊन पडायचं. तिला ते आवडायचंही, उगाच कशाला खोटं बोला.

आता खरं सांगायचं तर एका माणसाची सही आधी दिसली की माई स्वतःही कधी वाचत नसे. ते माणूस म्हणजे वकीलीण.

वकीलीण काही वकील नव्हती, नर्सच होती. होस्टेलात मेसच्या पातळ डाळीवरून तिने वॉर्डनशी असा काही वाद घातला होता की तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. ती आणि माई होस्टेलात एका खोलीत, नंतर सव्वीस वर्षं एका वॉर्डात. माईच्या दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या वाटणीच्या जड पाळ्या वकिलिणीने न सांगता अंगावर घेतल्या होत्या. औषध भरून झालं की वकीलीण रजिस्टर पुढे सरकवायची, सही जिथे करायची त्या रेघेवर अंगठा टेकवायची आणि माई त्या अंगठ्याशेजारी सही करायची. बोलणं चालू असायचं, पेन चालू असायचं. एकदाही चूक झाली नाही. त्यामुळे चूक होऊ शकते हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात कधी आलं नाही.

मग चिमणीचं प्रकरण झालं. चिमणी वॉर्डातली सगळ्यात लहानखुरी नर्स, चिवचिवणारी, कामाला मात्र वाघीण. एका दुपारी तीस पेशंटना ती एकटी होती. डॉक्टरांनी फोनवर एका इंजेक्शनचा डोस सांगितला. साधंच औषध, दोन सह्यांच्या कपाटातलंही नव्हतं. चिमणीला डोस जास्त वाटला, म्हणून तिने दोनदा विचारलं. "सांगितलं तेवढं द्या," असं उत्तर मिळालं. तिने दिलं. पेशंटचं ब्लडप्रेशर कोसळलं, दोन दिवस तो अतिदक्षता विभागात होता, मग चालत घरी गेला. डॉक्टर म्हणाले, मी निम्मा डोस सांगितला होता. फोनला कागद नसतो. हॉस्पिटलने तक्रार केली आणि नर्सेसची नोंदणी करणाऱ्या, त्यांना लायसन्स देणाऱ्या कौन्सिलने चौकशी होईपर्यंत चिमणीचं लायसन्स अडकवून ठेवलं. ज्या घरात एकच पगार येत होता तिथला तो पगार थांबला. चिमणी कपड्यांच्या दुकानात घड्या घालू लागली.

कौन्सिलच्या चौकशीला बसायचे ते डॉक्टर आणि हॉस्पिटलचे कारभारी. तिथे नर्सची बाजू कोण घेणार? नेमकी त्याच वर्षी वकीलीण निवडणूक लढवून कौन्सिलवर गेली होती. तिच्यासाठी मजल्यामजल्यावर मतं मागत फिरली होती ती माईच. आठवड्याभराने वकीलीण चहाच्या वेळेला ड्युटी रूममध्ये आली, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, "हे बघ, आपल्या लायसन्सच्या रिन्यूअलची फी तिप्पट होणार आहे."

"तिप्पट? वेड लागलंय का तुमच्या कौन्सिलला?"

"पुढचं ऐक गं. त्या पैशातून वेगळं चौकशी मंडळ उभं राहील. तिघांचं, त्यात दोन नर्स. नर्सचं काम नर्सच तपासेल. आणि पहिली केस चिमणीची, हा माझा शब्द. फक्त फीला नर्सेसची संमती आहे असं दाखवावं लागेल. तू म्हणालीस तर सगळ्या सह्या करतील."

तिने पिशवीतून संमतीपत्र काढलं. दोन पानं, कोपऱ्यात टाचलेली. दुसरं पान उलटून खालच्या रेघेवर अंगठा टेकवला. माईने चहाचा कप डाव्या हातात घेतला आणि अंगठ्याशेजारी सही केली.

पोरींनी कुरकुर केली, ती साहजिकच होती. वॉर्डात चष्मेवाली म्हणून एक होती, जरा तिरकस बोलणारी. ती म्हणाली, "म्हणजे आपल्या मानेवर ठेवायची सुरी आणि सुरीचे पैसेही आपलेच?"

"सुरी आता आपल्या माणसाच्या हातात असेल," माई म्हणाली. "चिमणीचा विचार कर."

चष्मेवालीने कागद हातात घेतला, उलटला. "दुसऱ्या पानावर बरंच बारीक लिहिलंय, माई. वाचून उद्या दिला तर चालेल का?"

"वकिलिणीने वाचलंय, मी सही केलीय. आणखी काय हवं तुला?"

चष्मेवालीने सही केली. मग सगळ्यांनीच केल्या. माई आपल्या जेवणाच्या सुट्टीत तो कागद घेऊन चारही मजले फिरली. कुणी का-कू केलं की तिच्यापुढे स्वतःचा शब्द टाकायची. एकशे बारा सह्या झाल्या. महिन्याभरात वाढीव फीची नोटीस आली तेव्हा जिने चढता-उतरता तिने शिव्याही खाल्ल्या आणि हसून म्हणाली, "चिमणीला परत येऊ द्या, मग बोला." त्याच महिन्यात वकीलीण लांब रजेवर गेली. कौन्सिलचं काम वाढलंय, म्हणाली. माईला तिचा अभिमानच वाटला.

चौकशीच्या दिवशी माई चिमणीला घेऊन कौन्सिलच्या ऑफिसात गेली. ऑफिस ओळखू येत नव्हतं. भिंतींना ताज्या रंगाचा वास, खुर्च्यांवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. चिमणीने इस्त्रीचा युनिफॉर्म घातला होता. लायसन्स नसताना तो घालायचा नसतो, म्हणून माईने वरून आपली शाल तिच्या अंगावर घातली.

टेबलामागे तिघे बसले होते. एक डॉक्टर, हॉस्पिटलमधून निवृत्त झालेला एक व्यवस्थापक आणि एक वकील, खराखुरा. माई दाराकडे बघत राहिली. दोन नर्स अजून यायच्या असतील असं तिला वाटलं. दार उघडलं आणि वकीलीण आत आली, तर शिपाई उठून उभा राहिला. "या मॅडम." ती टेबलाच्या कडेला वेगळ्या खुर्चीवर बसली. समोर पाटी होती, निबंधक. तिने माईकडे पाहिलं नाही. चिमणीवरचे आरोप तिने वाचून दाखवले, अगदी पाळी बदलताना पुढच्या नर्सला हँडओव्हर वाचून द्यायची त्याच एकसुरी आवाजात.

चिमणीला तीन प्रश्न विचारले. फोनवरचा डोस लिहून का घेतला नाही? वरिष्ठांना का कळवलं नाही? शंका होती तर दिला का? त्या दुपारी तीस पेशंटना एकच नर्स का होती, हे कुणी विचारलं नाही. सांगायला माई उठली, तर वकील म्हणाला, "आपण खाली बसा." निकाल चहा यायच्या आत लागला. एक वर्ष लायसन्स स्थगित. त्या वर्षात रिन्यूअल आलं तर फी भरावी लागेल, नाहीतर नोंदणी क्रमांक रद्द होईल.

चिमणीला बाकावर बसवून माई सरळ निबंधकाच्या केबिनमध्ये घुसली.

"बस आधी," वकीलीण म्हणाली.

"उभीच बरी आहे मी. दोन नर्स म्हणाली होतीस."

"सुरुवातीच्या मसुद्यात होत्या. मग हरकती आल्या, तडजोड करावी लागली. नाहीतर मंडळच झालं नसतं. सगळं दुसऱ्या पानावर लिहिलेलं होतं. मंडळावर कोण असेल, निबंधकाचं पद पगारी होईल, सगळं. तू वाचलं नाहीस?"

हे तिचंच वाक्य होतं. इतकी वर्षं ती पोरींवर जे ओरडत आली तेच आता टेबलापलीकडून, शांतपणे, तिच्या तोंडावर येत होतं.

"तू अंगठा ठेवला होतास," ती म्हणाली.

"काय?"

"सहीच्या जागेवर. तू अंगठा ठेवलास आणि मी सही केली. सव्वीस वर्षं मी तेच करतेय."

वकिलिणीने मान खाली घातली. ती बोलली तेव्हा आवाज खरा होता. "माझी कंबर गेलीय गं. पट्टा बांधून पेशंट उचलत होते, तू बघत होतीस. अजून नऊ वर्षं उभ्याने काढायची होती. मला एक बसायची जागा मिळाली, त्यात कुणाचं काय गेलं?"

"चिमणीचं वर्ष गेलं."

"ते तसंही गेलंच असतं."

"म्हणजे तुला ठाऊक होतं. कागद माझ्यापुढे ठेवलास तेव्हाच."

वकिलिणीने टेबलावरची फाइल उगाच सरळ केली. कंबर दुखते म्हणाली असती तर माईने तिच्या वाटणीचे पेशंट उचलले असते, उचलतही होती. मागितलं असतं तर काहीही दिलं असतं. तिने मागितलं नाही, केसाने गळा कापला. आणि तोही कुणाच्या नावावर, तर त्या एवढ्याशा पोरीच्या.

बाहेर चिमणीने शाल घडी करून ठेवली होती, दुकानात घालते तशी चौकोनी, कोपऱ्याला कोपरा लावून. "वर्षभराने घेतील का हो मला परत?" तिने विचारलं. मग, "फी तेवढी भरायला हवी. नंबर जायला नको."

"मी भरते तुझी फी," माई म्हणाली.

"नको माई." चिमणी रागावली नव्हती, हेच वाईट होतं. "तुम्ही सही केलीत, तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी दुपारी माईने ड्युटी रूममध्ये सगळं सांगितलं. उभ्यानेच, काही न वगळता. दुसरं पान आपण वाचलं नव्हतं हेही सांगितलं. कुणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. चष्मेवालीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"मी विचारलं होतं," एवढंच ती म्हणाली.

माईने सकाळीच एक पत्र लिहून आणलं होतं. संमती मागे घेतो, मंडळावर नर्स हव्यात, चिमणीची चौकशी पुन्हा करा. खाली आपली सही करून तिने पत्र टेबलावर ठेवलं, शेजारी पेन ठेवलं. कप विसळल्याचे आवाज आले. जमलेल्यांपैकी एकीनेही पेनाला हात लावला नाही. शेवटी एकजण म्हणाली, "ठेवून जा. वाचून बघतो."

"हो हो, वाचाच," माई घाईघाईने म्हणाली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

चारच्या सुमाराला सहा नंबरच्या पेशंटच्या वेदना वाढल्या. माईने डबल लॉकचं कपाट उघडलं, बाटली काढली, औषध भरलं. दुसऱ्या सहीसाठी चष्मेवालीला हाक मारली आणि सवयीने रजिस्टर पुढे सरकवलं. अंगठा रेघेकडे जात होता, तो तिने मागे घेतला.

चष्मेवालीने पेन उचललं नाही. तिने बाटली हातात घेतली, खिडकीशी नेली. औषधाचं नाव मोठ्याने वाचलं, ताकद वाचली, तारीख वाचली. सिरिंज डोळ्यांच्या रेषेत धरून आतली खूण बघितली. मग सहा नंबरच्या खाटेपाशी जाऊन पेशंटच्या मनगटावरची पट्टी वाचली, परत येऊन केसपेपरवरचा डोस पुन्हा एकदा पाहिला. एकूण एक गोष्ट, माईने शिकवली होती त्याच क्रमाने. इतकी वर्षं झाडूनही जे जमलं नव्हतं ते आज जमलं होतं, आणि माई सिरिंजच्या रिकाम्या वेष्टनाशी चाळा करत परीक्षेला बसल्यासारखी उभी होती.

चष्मेवालीने सही केली आणि रजिस्टर मिटलं.

"बरोबर आहे, सिस्टर," ती म्हणाली.