शिळ्या भाताचं नाव

"मालकीणबाई, मिहोको आज दमलेली दिसते," असं हा कुरोइवा मलाच ऐकवतो! रेकॉर्डची खोकी माझ्या लेकीच्या पाठीवर लादायची आणि स्वतः मागून हात हलवत जिना चढायचा, अशातला हा. मी म्हटलं, "दमेल नाही तर काय? तू गाढव बाळगलंस ते फुकटचं. दाणा आम्ही घालतो." तर दात काढून हसला. त्याला शिवी घातली तरी तो हसतो. चिडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

खाली माझं टोफूचं दुकान, वर भाड्याने त्याचं जुन्या रेकॉर्डचं. कोएंजीत अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत, पण याचं म्हणे अख्ख्या टोकियोत नाव. कोणाचं गाणं ऐकावं आणि कोणाचं कानाआड करावं, हे विचारायला पोरं याच्याकडे येतात. प्रत्येक रेकॉर्डवर हा स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवतो. मला वाचायचा कंटाळा, शाळेतही मी हजेरीपुरतीच गेले; पण एकदा वर जाऊन माझ्या मिहोकोने वाजवलेली रेकॉर्ड शोधली. खालच्या खणात सापडली, झाडूच्या शेजारी. चिठ्ठी नाही.

मिहोको शेहेचाळीस वर्षांची आहे. लग्न केलं नाही. पहाटे माझ्याबरोबर सोयाबीन दळते, दुपारी कुरोइवाच्या गल्ल्यावर बसते. त्याचा पगार नाही, ती दोस्ती. आणि अधूनमधून स्टेशनपलीकडच्या तळघरात बास गिटार वाजवते. जोडीला युरी, दिवसा दाताच्या दवाखान्यात काम करते आणि संध्याकाळी ड्रम बडवते. या दोघींच्या बँडचं नाव 'शिळा भात'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "भवाने, या घरात तुला शिळा भात कधी वाढला गं मी?"

"आई, ते तसं नाही."

"मग कसं आहे?"

तिने भिजवलेलं सोयाबीन उपसायला घेतलं. उत्तर टाळून कामाला लागणं बापावर गेलंय.

परवा सकाळी साच्यात टोफू ओतून झाला, तिने वर दगड ठेवला. मी बघितलं आणि ओरडले, "अगं, हा हलका दगड! याने पाणी निघेल का? टोफू धरायचा नाही. लक्ष कुठंय तुझं?"

दगड बदलता बदलता म्हणाली, "आई, आज बहुतेक आमचं शेवटचं."

"का? युरीला दात आले?"

"तळघराच्या दारात प्रत्येकाला विचारतात, आज कोणाचं ऐकायला आलात म्हणून. ज्यांचं नाव लोक सांगतात त्यांना परत बोलावतात. मागच्या दोन्ही वेळी आमचं नाव कोणीच सांगितलं नाही. तिथले मालक साकाकीसान म्हणाले, आजही तसंच झालं तर पुढची तारीख देता येणार नाही."

"आणि तो वरचा शहाणा?"

"त्यांना जमलं नव्हतं तेव्हा. आज येतायत." मग दगडावरचं पाणी पुसत म्हणाली, "तुझ्यासाठी येतोय, म्हणाले."

काही पुसायची गरज नव्हती. ओला दगड कोणी पुसतं का?

संध्याकाळी मी दुकान लवकर बंद केलं, तळलेल्या टोफूचा डबा बांधला आणि निघाले. वाजवणाऱ्यांना खायला न्यायची रीत आहे, ती पाळायची म्हणून. तळघराचा जिना असा अरुंद की दोन जाड माणसं समोरासमोर आली तर एकाला जन्मभर तिथेच राहावं लागेल. माझ्यापुढे कुरोइवा होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. दाराशी कोट घातलेला एक मनुष्य उभा होता, त्याच्याशी याचं वाकून वाकून चाललेलं. तो 'निळे पोस्टमन' नावाच्या बँडचा माणूस, हे बोलण्यावरून कळलं. हल्ली त्या पोस्टमनांचा फार बोलबाला आहे.

ओठात कडी घातलेल्या दारावरच्या पोरीने विचारलं, "आज कोणासाठी?"

कुरोइवा त्या कोटवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "निळे पोस्टमन. आणखी कोण?"

मग माझा नंबर. "आजी, तुम्ही कोणासाठी?"

साठ वर्षं ताज्या मालावर दुकान चालवलेली बाई मी. घसा साफ केला आणि म्हटलं, "शिळा भात."

"काय?"

"बहिरी आहेस का? शिळा भात!" मागची रांग हसली. हसेना का.

वाजवणं कसं होतं म्हणाल, तर माझ्या पोटातलं मिसो सूप हललं. भांड्यांचं फडताळ कोसळावं तसं. पण मिहोको पाय फाकवून उभी होती, भरलेला साचा उचलताना उभी राहते अगदी तशी, आणि चुकत नव्हती. चुकली असती तर मला कळलं असतं, तिची मान वाकडी होते. कुरोइवा सगळा वेळ तिच्याकडे पाठ करून कोटवाल्याला बिअर पाजत होता.

सगळं आटोपल्यावर वाजवणाऱ्यांच्या खोलीत मी डबा उघडत होते, कुरोइवाही आला होता, तेवढ्यात साकाकी दारावरची यादी घेऊन आला. "शिळा भात, एक," म्हणाला.

मिहोकोचा चेहरा असा उजळला की मी तिला ओळखलंच नाही. ती थेट कुरोइवासमोर जाऊन वाकली. "कुरोइवासान, तुमच्यामुळे भोपळा फुटला."

आणि तो मेला म्हणाला, "अगं, त्यात काय एवढं!"

ती माझ्याकडे वळली. "आई, तू दारात काय सांगितलंस? भांडली नाहीस ना?"

शब्द जिभेवर होता. पण हा चेहरा मी कितीतरी वर्षांनी बघत होते.

"मला काय विचारतेस? टोफू द्यायला आले म्हणून सांगितलं."

"एकावर तारीख नाही देता येत, मिहोकोसान," साकाकी म्हणाला. ती त्यालाही वाकली. "कळतं. पण यायचा तो माणूस आला," असं म्हणून तिने गिटार पिशवीत घातली आणि चेन शेवटपर्यंत ओढली.

आज सकाळी मिहोको माल पोचवायला गेली होती. कुरोइवा रोजच्यासारखा गरम सोयादूध प्यायला आला. मी पेला समोर ठेवला.

"काल दारात तुझ्यामागे मी होते."

त्याचा हात पेल्यापाशीच राहिला. "मालकीणबाई, ते कसं झालं, त्या लोकांची नवी रेकॉर्ड माझ्याकडे यायचीय, तो माणूस समोर, म्हणून..."

"ते माझ्या कानांनी ऐकलंय. परत नको सांगूस."

"मिहोकोला सांगणार तुम्ही?"

मी साच्यावरचा दगड नीट बसवला, हात पुसले आणि त्याला म्हटलं, "नाही सांगणार. ती जन्मभर तुझे आभार मानेल आणि तू ते घेशील, कारण नको म्हणायलासुद्धा अंगात वजन लागतं. तू वाईट नाहीस, कुरोइवा. वाईट असतास तर मी तुला केव्हाच जिन्यावरून ढकललं असतं. तू हलका दगड आहेस. वीस वर्षं माझ्या पोरीच्या डोक्यावर बसलायस आणि तुझ्याखाली काही म्हणून धरलं नाही. दूध पी. आणि आजपासून खोकी स्वतः उचल. बघू, पाठीला तरी वजन कळतं का."