हॉल भरवणाऱ्या खुर्चीचा संताप

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. कॉलेजच्या हॉलमध्ये माझे आयुष्य गेले. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सहसा मऊ आवाजात सांगतात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी संतापलेली आहे. का, ते ऐका.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या वाकवल्या, पत्रा ठोकून बसवला, वर निळा रंग फासला. हॉलमध्ये आणले तेव्हा मी हरखून गेले होते. तरुण मुले येतील, हसतील, वाद घालतील, माझ्यावर उभी राहून ओरडली तरी चालेल, असे मनात मांडे खात होते.

पण इथले कार्यक्रम कसे ठरतात, ते मला लवकरच कळले. सभा प्राचार्यांच्या खोलीत भरते. तिथे खुर्च्या कमी पडल्या की मला उचलून नेतात. चहा येतो. प्राचार्य विचारतात, "बरं, हल्लीच्या मुलांना काय आवडतं?" मग ज्यांची स्वतःची मुलेही नोकरीला लागली आहेत अशी माणसे एकमेकांना सांगतात, की मुलांना काय आवडते. मुलांना म्हणे व्यक्तिमत्त्व विकासावरचे व्याख्यान आवडते. पाहुणे प्राचार्यांचे साडू असले तर आणखीच आवडते. दाराबाहेर मुलांची सतत ये-जा चालू असते, पण एकाला आत बोलावून विचारावे, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी खोगीरभरती! तास बंद करून मुलांना हॉलमध्ये हाकलायचे, हजेरी सक्तीची करायची आणि शिपाईकाकांनी बाहेरून कडी घालायची. मुले पेंगत, चुळबुळत, किल्लीच्या टोकाने माझ्या पाठीवर नावे कोरत. त्यांचा मला कधी राग आला नाही. राग यायचा तो शेवटी. हेडक्लार्क मागच्या भिंतीशी उभे राहून खुर्च्यांवरून नजर फिरवायचे आणि प्राचार्यांच्या कानाशी लागायचे, "साहेब, फुल्ल!" झाले. एकही खुर्ची रिकामी नाही, म्हणजे कार्यक्रम मुलांना आवडला! मला न विचारता वर्षानुवर्षे माझी खोटी साक्ष काढली गेली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मला मस्तक नाही, म्हणून ती पाठीतच अडकून राहिली.

मग एका वर्षी विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून एक मुलगी सभेला आली. आवाज असा, की माईक नसला तरी चालावे. सगळे तिला भोंगा म्हणत. ती नेमकी माझ्यावर बसली. नेहमीचा प्रश्न आला आणि नेहमीची उत्तरे सुरू व्हायच्या आत ती म्हणाली, "सर, मी विचारून आलेय."

खरोखरच ती विचारून आली होती. कँटीनमध्ये, बसथांब्यावर, वसतिगृहाच्या जिन्यावर. मुलांचे म्हणणे अगदी साधे होते. नुसते ऐकायला नको, काहीतरी करायला हवे. संध्याकाळी नको, कारण बरीच मुले तेव्हा कामाला जातात. आणि मधेच उठून जाता आले पाहिजे.

"ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला शिकवायचं, सर," भोंगा म्हणाली. "पंक्चर काढणं, केस कापणं, काहीही. हजेरी नाही, पाहुणे नाहीत, कडी नाही."

"आणि कुणी आलंच नाही तर?" प्राचार्य हसले. "असं करू. हॉल भरला, तर दर महिन्याची एक दुपार तुमची. नाही भरला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"चालेल," ती म्हणाली.

मित्रांनो, ठरलेल्या दुपारी मुले आली आणि येतच राहिली. जागा पुरेना, तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्या खुर्च्यांची घडी घालून आम्हाला भिंतीला टेकवले आणि जमिनीवर फतकल मारली. एका कोपऱ्यात सायकल उलटी करून ठेवली होती. एक मुलगी वर्गमित्राचे केस कापत होती आणि तो ओरडत होता, "अगं, कान तरी ठेव!" कधी कुणाशी न बोलणारा एक मुलगा बिघडलेला मोबाइल उघडून दाखवत होता आणि त्याच्याभोवती कोंडाळे जमले होते. कँटीनच्या मावशी कमरेवर हात ठेवून दारात आल्या. "सगळी इकडेच उलथलीत होय? माझा चहा कोण पिणार?" असे म्हणत त्याही आत येऊन बसल्या. त्या दिवशी माझ्यावर कुणी बसले नव्हते, आणि हॉल मात्र खऱ्या अर्थाने भरला होता. मला फार आनंद झाला.

तेवढ्यात हेडक्लार्क आले. मागच्या भिंतीशी जायला वाट नव्हती, म्हणून त्यांनी दारातूनच नजर फिरवली. मुलांवरून नव्हे, आमच्यावरून.

पुढच्या सभेत भोंगा पुन्हा माझ्यावरच बसली. प्राचार्यांनी विचारले, "काय, भरला होता का हॉल?"

हेडक्लार्कांनी घसा खाकरला. "साहेब, गर्दी होती. पण उपस्थिती नव्हती. खुर्च्या एकूण एक रिकाम्या."

"म्हणजे भरला नाही."

"सर, मुलं खाली बसली होती!" भोंगा ओरडली. "पाय ठेवायला जागा नव्हती!"

"हे बघ बाळ, खाली बसलेल्यांना आपण उपस्थित धरत नाही," प्राचार्य अगदी प्रेमाने म्हणाले. "ठरलं होतं ना आपलं?"

बाकीच्यांनी आपापले चहाचे कप उचलले. त्यांतले दोघे-तिघे त्या दुपारी हॉलमध्ये डोकावून गेले होते. एकाने तर केसही तिथेच कापून घेतले होते! मला वाचा असती, तर त्या खोलीत मी कुणाला सुखाने चहा पिऊ दिला नसता. भोंगा उठली. मला मागे सारून ती निघून गेली. त्यानंतर ती सभेला आली नाही.

आता पुन्हा व्याख्याने सुरू आहेत, पुन्हा कडी लागते, पुन्हा हॉल फुल्ल असतो.

मित्रांनो, मला पुसत जा, रंग देत जा, अशी विनवणी मी करणार नाही. मी गंजले तरी चालेल. काळजी घ्यायचीच असेल तर भोंग्यासारख्या मुलीची घ्या, तिला त्या खोलीत एकटी पाडू नका. आणि तुम्हाला न विचारता तुमच्यासाठी कार्यक्रम ठरवला, तुम्हाला हाकलत आणून कडी लावली, तर माझ्यावर बसू नका. सगळेच्या सगळे उभे राहा. मग खुशाल मोजू देत त्यांना खुर्च्या.