मोतीबिंदूचं भिंग

रघुचा चेहरा झिजत चालला होता, आणि झिजवत होती त्याची आईच.

लालबागच्या लेझीम पथकाचा तो फोटो. तीन रांगांत पोरं, मधल्या रांगेत रघु, तोंड वाटाण्याएवढं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागून तो गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. दुसरा फोटो घरात नव्हता. अंबिका रोज दिवेलागणीला ट्रंकेतून हा काढायची, त्या एवढ्याशा तोंडावरून बोट फिरवायची आणि परत ठेवायची. कागद तिथे गुळगुळीत होऊन पुसट पडायला लागला होता. तिच्या नवऱ्याला, दत्तारामला, ते दिसत होतं. पण हात लावू नकोस, असं तिला सांगायचं तरी कसं? गिरणीत साच्यांच्या खडखडाटातही ज्याचा आवाज ऐकू जायचा, त्या माणसाची घरात जीभ उचलेना.

फोटो मोठा करून घ्यावा म्हणून दोघं ठाकूरद्वारच्या स्टुडिओत गेली. स्टुडिओवाला म्हणाला, "आठ दिवस ठेवून जा."

अंबिकाने फोटो छातीशी धरला. "माझा पोरगा आता घराबाहेर ऱ्हायचा नाय."

विषय मिटला. आता जे काय करायचं ते घरातच.

शेजारच्या खोलीतला चिंतामणी पोस्टात कारकून आणि फोटोचा भारी शौकीन. जवळून फोटो काढायचा म्हटल्यावर त्याने नळ्या, भाते, जर्मन भिंगं अशी काही नावं घेतली, की लग्नाच्या पंगतीचा बेतच सांगतोय! त्याच्याकडे होता मात्र साधा डबा कॅमेरा. त्याचं भिंग निघायचं नाही, म्हणजे नळ्या बसायच्या नाहीत, आणि दोन हातांच्या आतलं सगळं धुरकट यायचं.

"मग डब्याच्या तोंडावर चष्म्याची काच लावू," शेवटी चिंतामणी जमिनीवर आला.

रविवारी दत्ताराम आणि चिंतामणी चोर बाजारात जुन्या चष्म्यांच्या टोपलीपुढे बसले. वाचायच्या चष्म्याची काच बघितली, पण तिला हातभर लांब धरावं लागे, रघु वाटाण्याचा वाटाणाच. मग दत्तारामच्या हाताला मोतीबिंदू काढलेल्या कुणा म्हाताऱ्याचा चष्मा लागला, पेल्याच्या बुडासारखा जाड. त्याने काच उन्हात धरली. सहा बोटांवर पांढरा ठिपका पडला. तेवढ्या अंतरावर चित्र साफ येणार होतं.

"दत्तोबा, ही काच कडा वाकड्या दाखवते हां."

"कडा घेऊन काय करू? मधला एक पोरगा हवाय मला."

घरी येऊन काच मेणाने डब्यावर बसवली. गिरणीतल्या कांड्यांचा दोरा काचेपासून ताणून सहा बोटांवर गाठ मारली. गॅलरीतल्या उजेडात फोटो ट्रंकेला टेकवला, कॅमेरा स्टुलावर ठेवला, आणि डब्याच्या वरच्या खिडकीतून बघत रघुचं तोंड अगदी मधोमध आणलं. सगळा रोल त्याच्यावरच संपवला.

धुऊन, मोठे करून फोटो आले. एकाही फोटोत तोंड नव्हतं. गळ्याखालचा रघु तेवढा स्वच्छ आला होता, शर्टाची शिवण न् शिवण दिसावी इतका.

चिंतामणीने कपाळाला हात लावला. "खिडकी वर, भिंग खाली. लांबचं काढताना चालून जातं. एवढ्या जवळ आलं, की खिडकी डोकं बघते आणि भिंग पोट! माझ्या ध्यानात यायला हवं होतं."

दत्तारामला फार लागलं. पोराला दुसऱ्यांदा हरवल्यासारखं वाटलं त्याला. फोटो उशीखाली सारणार, तोच अंबिकाने हातातून घेतले.

"चुकलं गो. पुढच्या रविवारी कॅमेरा उचलून धरतो. येईल तोंड."

ती ऐकतच नव्हती. पांढऱ्या शर्टावर पांढरी बटणं, आणि मधोमध एक मोठं काळं.

"हा फोटो काढला त्या सकाळी तुटलं होतं हो," ती म्हणाली. "घरात पांढरं नव्हतं. तुमच्या कोटाचं काढून लावलं. केवढा चिडला! म्हणे, सगळ्यांत माझंच काळं दिसेल. मी म्हटलं, फोटोत कोण बघतंय रे तुझं बटण?" तिने फोटो उजेडाकडे धरला. "तोंड मला डोळे मिटले तरी दिसतं. हे विसरले होते मी."

दत्तारामने खुंटीवरच्या कोटाकडे बघितलं. मधलं बटण नव्हतं. गिरणीत पडलं असेल, असं समजून त्याने कधी विचारलंच नव्हतं. तो उठला, कोट काढून त्याने तिच्या मांडीवर, फोटोशेजारी ठेवला.

बटणाच्या जागी लोंबणाऱ्या दोऱ्यावरून तिने बोट फिरवलं.

"इथे दुसरं लावायचं नाय," ती म्हणाली.